सटवाईचा कागद

वरवंटा दवाखान्यात नेऊ नये, असं कुठल्याच पाटीवर लिहिलेलं नव्हतं. थुंकू नये, चपला बाहेर काढाव्यात, मोबाईलवर मोठ्याने बोलू नये, एवढंच होतं. लंकाबाईला त्यातलं एकही अक्षर वाचता येत नव्हतं. दारावरच्या वॉचमनला येत होतं, पण त्याने पाट्या सोडून तिची पिशवीच वाचायला घेतली आणि फडक्यात गुंडाळलेला वरवंटा बाहेर काढला.

“मावशी, हे कुनाच्या डोक्यात घालायला आनलंय?”

“नातीची पाचवी हाय, दादा. सटवाई मांडायचीय. त्या स्टँडजवळच्या खानावळीतून मागून आनला.”

“हितं? लहान लेकरांच्या वॉर्डात?”

“लेकरू जिथं, तिथंच येनार ना ती. तिला काय पास लागतो व्हय?”

वॉचमन पुणतांब्याचा होता आणि त्याच्याही घरी लेकरं झालेली होती. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि वरवंटा आपल्या खुर्चीखाली सरकवला. “आत न्हाई सोडता येत. हितं राहू द्या. काय वाहायचं ते वाहा आन् जावा.” लंकाबाईने खाली बसून वरवंट्याला हळद-कुंकू वाहिलं, भाकरीचा तुकडा ठेवला, हात जोडले. साऱ्या जगाचं नशीब लिहिणारी देवी त्या दिवशी नगरच्या मोठ्या दवाखान्यात वॉचमनच्या खुर्चीखाली बसली. पाटीवर शहराचं नाव बदललंय हे खरं, पण एसटीचा कंडक्टर अजून नगरच म्हणतो आणि ऊसतोडीची माणसंही.

खाली हे चाललं होतं तेव्हा वर, दुसऱ्या मजल्यावरच्या व्हरांड्यात, तिची सून पंकजा भिंतीला टेकून बसली होती. पाच दिवसांची ओली बाळंतीण; ना पोटाला बांधायला पट्टा, ना शेकायला शेगडी. समोरच्या बंद दाराआड तिची मुलगी काचेच्या पेटीत होती. आईला दिवसातून थोडा वेळ आत सोडत. बाकीचा वेळ दाराकडे बघत बसायचं.

ही माणसं पाथर्डीकडच्या कोरड्या रानातली. दसरा झाला की तिकडे घरांना कुलपं लागतात आणि सगळे उसाच्या फडावर जातात. कोयता त्यांच्या पाचवीलाच पुजलेला. नुसता बोलण्यातला नव्हे, खराखुरा. बाळंतिणीच्या उशाशी लोखंड म्हणून तिथे कोयताच ठेवतात. यंदा पंकजा, तिचा नवरा अंगद आणि लंकाबाई देवळाली प्रवराच्या बाजूला तोडीला होते. सातवा महिना सरत आला होता आणि पंकजा डोक्यावर उसाची मोळी घेऊन ट्रॉलीच्या फळीवर चढत होती, तेव्हाच तिला कळा सुरू झाल्या. कोपीत, फडाजवळच्या झोपडीत, उसाच्या पाचटावर, लंकाबाईच्या हातात पोरगी आली. आधी रडलीच नाही. मग जराशी कुरकुरली. मुकादमाच्या जीपमधून इथे पोचेपर्यंत लंकाबाईने तिला चोळीच्या आत छातीशी धरून ठेवलं होतं. अंगदला मात्र माघारी जावं लागलं. फडावर नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात. अर्धा कोयता दवाखान्यात बसला की उरलेल्या अर्ध्याला दुप्पट वाकावं लागतं.

हे तिसरं बाळंतपण. पहिला मुलगा नाव ठेवायच्या आधीच गेला. दुसरी मुलगी नाव ठेवून गेली, आणि ते नाव आता घरात कुणी घेत नाही. दोघांच्याही पाचवीला काही उणं ठेवलं नव्हतं. पाटा होता, वरवंटा होता, दिवा होता, आणि सटवाईला नशीब लिहायला कोरा कागद आणि पेनही होतं. देव पाण्यात घालून झाले होते, मोहट्याच्या देवीची ओटी भरून झाली होती, मढीच्या नाथाला रेवड्या वाहून झाल्या होत्या. यावेळी पंकजाने देवाचं नाव घ्यायला तोंड उघडलं की नुसती हवा बाहेर यायची. शेजारच्या बायका जप करत होत्या आणि ती कोरडी बसून होती. आपली पोरगी आत झगडतेय आणि आपल्याला साधं ‘वाचव’ म्हणता येत नाही, याची तिला भयंकर भीती वाटत होती.

दवाखान्यात धनश्री नावाची एक मुलगी यायची. ताटकळत बसलेल्या आयांशी बोलणं हेच तिचं काम. दुपारी ती रंगखडूंचे डबे आणि छापील चित्रं वाटायची. मोर, कमळ, गोल गोल नक्षी. “रंग भरा ताई, जीव जरा थाऱ्यावर येतो,” म्हणायची. बायका आधी लाजायच्या, मग भरायच्या. काष्टीची एक बाई आल्यापासून एकच मोर रंगवत होती. काल सिस्टरने दार उघडून तिचं नाव पुकारलं, ती आत गेली, आणि बाहेर आली ती छाती बडवतच. मोर बाकावर तसाच राहिला, अर्धी शेपटी रंगवायची होती. तेव्हापासून दार करकरलं की व्हरांड्यातल्या सगळ्या बायका मान खाली घालायच्या. नाव आपलं नसावं, एवढंच प्रत्येकीला हवं होतं.

लंकाबाईने धनश्रीकडून छापील चित्र घेतलं नव्हतं. “मला बिनचित्राचा द्या. कोरा,” म्हणाली. संध्याकाळी तिने त्या कागदाच्या कोपऱ्यात हळदीचं बोट लावलं, पेन आडवं ठेवलं आणि डोळे मिटून बोलावणं दिलं, “ये माय, आज आमच्या पंकजाच्या पोरीकडं ये.” मग सुनेला म्हणाली, “ह्याच्यावर ध्यान ठेव. मी वरवंट्याचं बघून येते.”

ध्यान ठेवायला सांगितलं आणि पंकजाचं नेमकं त्याच्यावरच ध्यान लागलं. पांढरा, गुळगुळीत कागद. असाच कागद तिने दोनदा पाहिला होता. दोन्ही वेळा सकाळी उठून बघितलं तर तसाच कोरा, कारण सटवाईचं अक्षर माणसाला दिसत नाही. काय लिहिलंय ते मागाहून कळतं. तिला दोन्ही वेळा कळलं होतं.

शेजारी खडूंचा डबा पडला होता. तिने त्यातला हिरवा उचलला, तोही काही ठरवून नाही. हाताला काहीतरी चाळा हवा होता. दाराकडे बघत बघत तिने कागदाच्या कडेने एक रेघ ओढली. रेघेला पान काढलं, पानाशेजारी पान. वेल अर्ध्या कडेपर्यंत गेली आणि तिच्या मनात ते आलं. हा कागद भरूनच टाकला तर? या कडेपासून त्या कडेपर्यंत, मुंगी शिरायला जागा नाही असा? ती येईल, पेन उचलेल, आणि लिहायला जागाच नसेल. काय करेल? हात हलवत माघारी जाईल.

विचार वेडा होता. पण शहाण्या विचारांनी दोन लेकरं गेली होती.

मग ती भरतच सुटली. वेलीच्या आत तिने एक मुलगी काढली, काड्यांचे हातपाय आणि मोठं डोकं. तिला लाल झगा घातला. झगा रंगवताना मनातल्या मनात म्हणत होती, जग. मग तीच मुलगी जरा मोठी, पाठीला दप्तर. दप्तर निळं केलं आणि म्हणाली, शाळेत जा, नाहीतर नको जाऊ, पण जग. सायकल काढली. सायकलची चाकं तिला शाळेतही कधी गोल जमली नव्हती, आजही जमली नाहीत. दारात जास्वंद असलेलं घर काढलं आणि त्याला कुलूप काढलं नाही. साडी नेसलेली मुलगी काढली. शेवटी चष्मा लावलेली म्हातारी मुलगी काढली; तिचे पांढरे केस पांढऱ्या कागदावर दिसेनात म्हणून त्यांच्याभोवती गडद निळं आभाळ भरलं. सगळ्यांच्या मधोमध, झगेवालीचं बोट धरून उभी, तिने स्वतःला काढलं. कोयता मात्र कुठेच काढला नाही. इतके दिवस घशात अडकलेलं सगळं बोटांतून उतरत होतं, आणि तिला कळलं की आपण मागतोय. तोंड बंद ठेवून का होईना, मागतोय. उरलेल्या फटी तिने ठिपके, फुल्या, वेटोळी काढून बुजवल्या. हळदीच्या बोटावरूनही पिवळा खडू फिरवला.

लंकाबाई जिना चढून आली ती वॉचमनची गंमत सांगायला. तोंड उघडलं आणि कागद पाहून तसंच राहिलं.

“हे काय केलं, पंकजे?”

“भरला.”

“सटवाईचा कागद हुता त्यो.”

“म्हनूनच भरला, आत्या. दोनदा कोरा ठेवला. तिनं काय लिहिलं ते आपुन बघितलं. आता जागाच न्हाई ठेवली. येऊ द्या, बघू द्या, आन् जाऊ द्या माघारी.”

लंकाबाई ही काही तोंडाळ सासू नव्हती. दोन्ही वेळा लेकरू पुरायला अंगदबरोबर तीच गेली होती आणि आल्यावर सुनेला एका शब्दाने बोलली नव्हती. ती हळूच खाली बसली, कागद हातात धरून एकेक चित्र बघत गेली.

“आगं येडे,” ती म्हणाली, “मरन तेवढंच लिहिती का ती? जगनं बी तीच लिहिती. तिनं काही लिहिलंच न्हाई, तर पोरगी जगंल कशाच्या जीवावर?”

पंकजाच्या हे ध्यानातच आलं नव्हतं. चोराला अडवायला म्हणून दार लावावं आणि घरचं माणूसच बाहेर राहावं, तसं झालं. तिने व्हरांडाभर नजर फिरवून धनश्रीला शोधलं.

“दुसरा आनते. त्या ताईकडून.”

“ताई कवाच गेली घरी. आन् ह्याच कागदावर बोलावनं दिलंय म्या. बोलवायचं एका घरी आन् दार दावायचं दुसऱ्या घराचं? सोयरा बी फिरून येत न्हाई आसल्यानं. ही तर देवी.”

इतक्यात दार करकरलं. सगळ्या माना खाली गेल्या.

“पंकजा कोण? आत या.”

काष्टीच्या बाईलाही असंच बोलावलं होतं. पंकजा भिंतीला धरून उठली. लंकाबाईने काखेत हात घालून तिला दारापर्यंत नेलं. आत डॉक्टरीणबाई पेटीवर वाकल्या होत्या. बाळ श्वास घेता घेता थांबतंय, त्या म्हणाल्या. यंत्र लावावं लागेल, इथे सही करा. पंकजाने सही केली. आपली सही आपल्याला ओळखू येऊ नये इतकी वाकडी आली. पेटीतली पोरगी निळसर दिसत होती. तिची छाती हलायची, थांबायची, आणि ती पुन्हा हलेपर्यंत पंकजाही श्वास घेत नव्हती. “आजची रात्र निघू दे, मग बघू,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

बाहेर आल्यावर ती रडली नाही. तिने कागद मांडीवर ओढला. नखाने, मग केसांतल्या पिनेने ती रंग खरवडायला बसली. थोडी जागा हवी होती. एक शब्द मावेल एवढी. पण कुठली? दप्तरावर पिन ठेवली आणि उचलली. सायकलवर ठेवली, उचलली. घर, साडी, चष्मा. यातलं पोरीचं काय काढून घ्यायचं? पांढऱ्या केसांना तर तिच्याने हात लाववेना. एवढं सगळं मागून झालं होतं, आता त्यातलं काही परत कसं करायचं? शेवटी तिने पिन मधोमध टेकवली, झगेवालीचं बोट धरून उभ्या असलेल्या बाईवर, आणि खसाखस खरवडायला लागली.

“कुनाला खरवडती?” लंकाबाईने विचारलं.

“मला. माझ्या जागंवर लिहू द्या तिला.”

“पंकजे.”

“पोरीचं काय बी पुसाया हात व्हईना, आत्या. मीच ऱ्हायले.”

खडूचा मेणचट थर सुटत होता, पण डाग जात नव्हता. तिने आणखी जोर लावला. कागद टरकन फाटला. बाई होती तिथे भोक पडलं आणि भोकातून फरशी दिसायला लागली. झगेवाली मुलगी हात पुढे करून तशीच उभी होती, आणि तिचं बोट धरायला कुणी नव्हतं. तेव्हा मात्र पंकजाचा बांध फुटला. एवढ्या दिवसांचं सगळं एकदम आलं. पदर तोंडात कोंबून ती गदगदून रडली, कारण व्हरांड्यात मोठ्याने रडणं म्हणजे बाकीच्या बायकांचा जीव काढणं.

लंकाबाईने तिला उगी उगी केलं नाही. तिने कागद आपल्यासमोर घेतला, सरळ केला, पेन त्याच्या कडेला ठेवलं. मग उजवा हात पालथा न ठेवता उताणा करून कागदाखाली सरकवला, भोकाच्या बरोबर खाली. कोयत्याच्या घट्ट्यांनी भरलेला तळवा त्या भोकात दिसायला लागला, झगेवालीच्या शेजारी.

“आता झाली जागा,” ती म्हणाली. “हितं लिहील ती. जगनं लिहिलं, तर माझ्या हातानं पोरीला पोचवीन. दुसरं काय लिहिलं, तर ते माझ्या हातावर हाय. माझं मी बघीन.”

“आत्या, न्हाई. काढा हात.”

“गप ऱ्हा. पोरीला आई लागंल. आजीचं काय, साल दोन साल हिकडं तिकडं.”

पंकजाने हात ओढून पाहिला. उसाच्या मोळ्या उचललेल्या हाताला ती ओली बाळंतीण काय हलवणार? दिवे मंद झाले, बायका जागच्या जागी आडव्या झाल्या. लंकाबाई भिंतीला पाठ लावून बसून राहिली, पाणी प्यायलाही उठली नाही. पंकजा तिच्या मांडीशी मुटकुळं करून पडली आणि भोकातल्या त्या तळव्याकडे बघत राहिली. आपल्या मनात देवाचं नाव नाही, सासूच्या हाताचंच नाव आहे, हे तिला जाणवलं आणि त्याचं काही वाईट वाटलं नाही.

उजाडता उजाडता फरशी पुसणारी आली. “पाय उचला, आजी.” लंकाबाईने पाय उचलले, हात नाही. फडकं कागदाला वळसा घालून गेलं. तेवढ्यात दार करकरलं.

“पंकजा.”

लंकाबाईचे डोळे मिटले. ओठ घट्ट झाले. हात मात्र होता तिथेच होता.

“दूध येतंय का तुम्हाला?” सिस्टरने विचारलं. “थोडं काढून द्या. रात्रीत श्वास जरा सावरलाय. नळीतून देऊन बघू.”

पंकजाने दूध काढलं, सिस्टरने वाटी धरली. पांढरा थेंब नळीतून खाली उतरला, पेटीत शिरला. यंत्र अजून होतंच. पोरीने डोळे उघडले नाहीत. पण तिचं तोंड हललं, नळीतलं दूध तोंडात नसूनही ओठ चोखल्यासारखे हलले. “अजून काही सांगता येत नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “पण रात्र काढली तिने.”

पंकजा बाहेर आली तेव्हा सासू डोळे उघडून दाराकडेच बघत होती.

“घेतलं?”

“घेतलं.”

लंकाबाईने मान हलवली. मग कागदाखालून हात ओढला आणि ओढता ओढताच मूठ घट्ट मिटली. रात्रभर एका जागी राहून हात लाकूड झाला होता, बोटं मिटताना खांद्यापर्यंत कळ गेली.

“बघू,” पंकजा म्हणाली.

“काय बघायचं? तिचं अक्षर दिसतं का कुनाला?”

“तरी उघडा की. शेकून देते.”

“न्हाई उघडायची. काय असंल ते माझ्यापाशी ऱ्हाऊ दे. पोरगी घरी आल्यावर बघू.” तिने डाव्या हाताने पदराचं टोक घेतलं, मुठीला गुंडाळलं आणि दातांनी गाठ मारली.

अंगद पोचला तेव्हा ऊन व्हरांड्यात आलं होतं. दुधाच्या टँकरवर बसून आला होता. पाचटाचा भुगा केसांत तसाच. फडक्यात भाकरी आणि ठेचा बांधून आणला होता. आधी त्याने बायकोच्या तोंडाकडे पाहिलं, आणि तिथे वाईट बातमीसारखं काही दिसलं नाही तेव्हा मग बसला.

“दूध घेतलं तिनं,” पंकजा म्हणाली.

तो फडक्याची गाठ सोडायला लागला. मग म्हणाला, “खाली त्यो वॉचमन इचारत हुता. वरवंटा कवा नेनार म्हनून.”

“ऱ्हाऊ दे म्हनावं,” लंकाबाई म्हणाली. “तिचं काम सरलं न्हाई अजून.”

त्याने आईपुढे भाकरी धरली. तिने डावा हात पुढे केला. अंगदला कळेना. त्याने पदरात बांधलेल्या मुठीकडे पाहिलं. “आये, हाताला काय झालं? डाव्या हातानं जेवती व्हय?”

पंकजाने त्याच्या हातातली भाकरी घेतली, तुकडा मोडला, ठेचा लावला आणि सासूच्या तोंडात घास दिला.